उजव्या हाताच्या जड स्प्रिंगा

माझ्या नवऱ्याला कसलंही व्यसन नाही, असं माझ्या माहेरची माणसं अजून कौतुकानं सांगतात. सांगू देत बापडी. त्यांना आमच्या बाहेरच्या खोलीत एक दिवस बसवलं तर शब्द मागे घेतील.

ती खोली आम्हा दोघांची. मी पडदे शिवते. खिडकीपाशी माझं मशीन आणि मधोमध कापड बेतायचं लांबलचक टेबल. त्या टेबलाची भिंतीकडची बाजू नवऱ्यानं बळकावलेली. तिथे कीबोर्ड. एक उघडा पडलेला, एकाची बटणं उपटून वाटीत काढलेली, एकाचा नुसता पत्रा. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. दिवसभर लोकांच्या लिफ्टमधली अडकलेली बटणं सोडवायची आणि घरी येऊन हात धुऊन पुन्हा बटणंच घेऊन बसायचं, याला काय म्हणावं? मी म्हणते, जळलं मेलं लक्षण. तो म्हणतो, छंद.

ऐकून ऐकून मलाही ते शास्त्र पाठ झालंय. साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली मिळून एकच रबराची चादर असते. याच्या कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र डबी. तिला स्विच म्हणायचं. डबीत इवलीशी स्प्रिंग. स्प्रिंग हलकी की जड, तिला ग्रीस किती, खाली पत्रा की प्लास्टिक, त्याखाली फोम घातला की नाही, यावर म्हणे बोटाला लागणारा स्पर्श बदलतो आणि आवाज बदलतो. वर पुन्हा रंगीत टोप्या.

"कीकॅप म्हण गं," तो म्हणायचा.

"डोक्यावर बसते ती टोपी," मी म्हणायचे.

कीबोर्ड जोडून झाला की मला हाक मारायचा. "डोळे मिट आणि ऐक हां." आधी एक वाजवायचा, मग दुसरा. "पहिल्याचा जरा कोरडा नाही वाटला?" मला दोन्ही सारखेच टकटक वाटायचे. "मला तूच कोरडा वाटतोस, चहा घे," म्हणून मी मशीनकडे वळायचे. आणि एवढ्या कीबोर्डांवर हा माणूस लिहितो काय, तर काही नाही. 'येताना दूध आणू का' एवढाही निरोप तो फोनवरून बोलून सांगतो.

सगळ्यात लाडका कीबोर्ड हिरव्या धातूचा, चोराच्या डोक्यात घातला तर चोर उठायचा नाही इतका वजनदार. त्याच्या स्प्रिंगा जड होत्या आणि तसल्या बनायच्या बंद झालेल्या. नवऱ्यानं त्या छंदवाल्या दोस्तांकडून एकेक मूठ करून जमवल्या होत्या. या कीबोर्डाला मी 'सवत' म्हणायचे. सवतीसाठी मखमलीचं पांघरूण मीच शिवून दिलं, यावरून माझा स्वभाव कळावा.

तर असं आमचं चाललं होतं आणि ताई पडल्या.

ताई म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण, माझी नणंद. लग्न केलं नाही. आईवडील लवकर गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं. कोर्टात टायपिस्ट. साक्षीदार बोलतो, वकील खेकसतो, न्यायाधीश मध्येच थांबवतात, आणि ताई ते सगळं तिथल्या तिथे, शब्दाला शब्द, टाइप करतात. न्यायाधीशांच्या खालच्या अंगाला त्यांची खुर्ची. त्या खुर्चीवर बसून त्यांनी चोर पाहिले, सावकार पाहिले, एकमेकांना ओळख न देणारी नवराबायको पाहिली, आणि घरी येऊन कुणाचं एक अक्षर सांगितलं नाही. आमच्या दोघींचं तसं बरं होतं, पण जवळचं नव्हतं. मला त्यांचा धाक वाटायचा, आणि त्यांना मी जास्त बोलते असं वाटायचं. दोघींचंही खरंच होतं.

कोर्टाच्या पायऱ्यांवरून घसरल्या आणि उजव्या दंडाचं हाड मोडलं. हाड जुळून आलं. पण हाडाला बिलगून जाणारी नस चेचली होती. तिच्यामुळे पंजा लोंबायला लागला. बोटं मिटायची, दाबायची, चिमटा घ्या म्हटलं तर घ्यायची. पण वर उचला म्हटलं की जागची हलायची नाहीत. डॉक्टर म्हणाले, "नस आपल्या चालीनं जागी होते. मनगट आधी येईल, बोटं शेवटी. आली तर येतील." मनगटाला आधार देणारा पट्टा बांधून ताई आमच्याकडे राहायला आल्या.

मनगट खरंच पुष्कळसं आलं. बोटं नाही. आणि रजा संपत आली. कोर्टाच्या कचेरीतून निरोप आला की सोमवारी टायपिंगची चाचणी द्यावी. जमली तर आपली खुर्ची, नाही जमली तर जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बदली. तिथे गठ्ठे बांधायचे आणि मागेल त्याला काढून द्यायचे.

"वाईट काय आहे?" ताई म्हणाल्या. "पगार तोच." आणि नेहमीपेक्षा लवकर जेवणावरून उठल्या.

नवऱ्यानं पानातला घास तसाच धरला होता. "मी करतो," तो म्हणाला. "मी तिला कीबोर्ड करून देतो."

खरं सांगते, मला हसू आलं होतं. पण त्याचं तोंड बघून मी ते गिळलं. इतकी वर्षं सगळ्यांनी त्याच्या छंदाला खेळणी म्हटलं होतं, ताईंनी तर सगळ्यात आधी. आता त्या खेळण्याला काम मिळालं होतं.

काय राबला म्हणून सांगू! हात अधू आहे म्हणजे बटण हलकं हवं, हा त्याचा हिशेब. माझाही तोच झाला असता. आपल्याजवळच्या सगळ्यात हलक्या स्प्रिंगा त्यानं काढल्या. डबी उघडायची, बारीक कुंचल्यानं आत ग्रीसचा हात फिरवायचा, स्प्रिंग बसवायची, डबी मिटायची, पुढची घ्यायची. टोप्या ठळक अक्षरांच्या निवडल्या. माझ्या कापडाच्या तुकड्यांतून हात टेकायला उशी शिवून मागितली. छंदवाल्या दोस्तांनी फोनवर सल्ले दिले. सगळ्यांचं म्हणणं एकच, हलकं, आणखी हलकं. तयार झालेल्या कीबोर्डावर फुंकर मारली तरी अक्षर उमटेल असं वाटायचं.

ताईंना टेबलाशी बसवलं. त्यांनी उजवा हात डाव्या हातानं उचलून कीबोर्डावर ठेवला, पट्टा नीट केला आणि पहिला शब्द टाइप केला. पडद्यावर आलं, 'साक्षीदाररररररररर'. र काही थांबेना. ताईंनी हात ओढला तर त्याच्या मागून ककककक आणि ततततत निघाले.

"अरे, यावर मुंगी चालली तरी जबानी नोंदवेल," ताई म्हणाल्या. आम्ही तिघंही हसलो. पहिल्यांदा होतं म्हणून.

नवरा म्हणाला, अजून हलकी हवी. एका दोस्ताकडून त्याहून हलक्या स्प्रिंगा आणल्या. आगीतून फुफाट्यात. आता तर बोटं नुसती ठेवली की रांगच सुरू व्हायची. त्यानं ग्रीस बदललं, फोम बदलला, कीबोर्ड तिरका केला, उशी उंच केली. रोज संध्याकाळी ताई बसायच्या आणि रोज पडदा ररररनं भरायचा. त्या बोटं दाबत नव्हत्याच. बोटं आपोआप बसत होती आणि बसलेली उठत नव्हती.

शुक्रवारी त्यांनी कीबोर्ड हळूच बाजूला सारला.

"पुरे. तुझी मेहनत दिसते मला. पण हात माझा आहे, मला कळतं. मी सोमवारी जाऊन लिहून देते, गठ्ठ्यांची खोली चालेल म्हणून."

"ताई, अजून दोन दिवस..."

"नको रे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कधी नव्हे तो फाटला. "कोर्टात साहेबांसमोर माझ्या हातून असा र र र निघाला ना, तर मी मरेन. लोक तिथे आयुष्याचं सांगत असतात. त्यांचं बोलणं मी कधी चुकवलं नाही. आता नाही चुकवायचं मला."

त्या आत गेल्या. नवरा वाटीतल्या टोप्या नुसताच ढवळत बसला. मला त्याची इतकी दया आली की काही टोचून बोलायला सुचलं नाही, यावरून समजा.

शनिवारी सकाळी तो कामावर गेला. ताई माझ्यासमोर बसल्या होत्या. रिकामं बसवत नाही म्हणून शिवून झालेल्या पडद्यांचे लोंबते धागे कापायचं काम त्या मागून घ्यायच्या. मात्र माझी मोठी कात्री त्यांच्या उजव्या हाताला दाद द्यायची नाही. मिटायची, ती मिटलीच. दर वेळी डाव्या हातानं पाती फाकवायला लागायची. त्या दिवशी मोठी कात्री माझ्याच हातात होती, म्हणून त्यांनी सुयांच्या डब्यातली धागे कापायची छोटी कात्री उचलली. ती चिमट्यासारखी असते. दाबली की कापते, सोडली की स्प्रिंगच्या जोरानं आपली आपण उघडते.

मी कापड बेतत होते. कट्, कट्, कट् असा आवाज येत होता. बराच वेळ. मग माझ्या लक्षात आलं की हा आवाज मध्ये थांबत नाहीये.

मी मान वर केली. ताईंच्या डाव्या हातात पडदा होता आणि उजवा हात एकटा कापत होता. लोंबणाऱ्या बोटांचा तोच हात. बोटं दाबत होती आणि कात्री त्यांना उघडून देत होती. ताईंचं लक्षही नव्हतं. खिडकीबाहेर बघत काम चाललं होतं.

माझ्या हातातला खडू खाली पडला. "ताई, ती कात्री हलकी आहे की जड?"

"ही? भलतीच ताठ आहे गं. नवी घे."

मी नवऱ्याला फोन केला. तो कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर मोटरीशी झटत होता. "घरी ये," मी म्हटलं. "आपलं उलटं झालंय."

आला तेव्हा मी त्याच्या हातात ती छोटी कात्री दिली. "दाब. आता सोड. बोटं कोणी उघडली? तू की कात्रीनं?"

त्यानं पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. मग खुर्चीवर बसला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"हिला दाबायला जमतंच आहे," तो म्हणाला. "उचलायला जमत नाही. आणि मी उचलणारीच काढून टाकत बसलो. अगं, लिफ्टच्या मागे आम्ही ढिगानं वजन लावतो, कशाला? तिला वर न्यायला! आयुष्य गेलं माझं ती वजनं टांगण्यात!"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी म्हटलं. "आता जड स्प्रिंगा आण."

त्यानं दोनचार फोन केले. ज्याच्याकडे होत्या तो परगावी, आणि दुकानातून मागवल्या तर येणार चाचणी होऊन गेल्यावर. त्यानं फोन ठेवला. मखमलीच्या पांघरुणाकडे आम्ही दोघंही बघत नव्हतो.

त्याचं असं होतं की त्याच रविवारी छंदवाल्यांचा मेळावा होता. गावोगावचे लोक आपापले कीबोर्ड घेऊन येणार, मांडणार, एकमेकांचे वाजवून बघणार. सवत तिथे पहिल्यांदा लोकांसमोर जाणार होती. तिच्यासाठी पेटी बनवून घेतली होती. गेले कित्येक महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

तो उठला. हात धुतले. पांघरूण काढून घडी करून माझ्याकडे दिलं. सवतीच्या टोप्या एकेक करून काढल्या आणि ओळीनं मांडल्या. मग डब्या. पहिली डबी उघडताना तो जरा थांबला.

"आपण दुसरं काही..." मी म्हणाले. मला खरंच वाईट वाटलं. सवत झाली तरी घरातलीच होती.

"चिमटा दे," तो म्हणाला.

उजव्या हाताच्या बटणांपुरत्या स्प्रिंगा सवतीच्या पोटातून निघाल्या आणि ताईंच्या कीबोर्डात गेल्या. डावीकडे साध्या, उजवीकडे जड. आमच्या लग्नासारखं झालं, मी म्हटलं. तो हसला, पण मान वर केली नाही.

ताईंना कसंबसं बसवलं. "शेवटचं," त्या म्हणाल्या. डाव्या हातानं उजवा उचलून ठेवला. बोटं बटणांवर टेकली आणि तिथेच तरंगत राहिली. कुठलंच बटण खाली बसलं नाही. पडदा कोरा. ताईंनी आमच्याकडे पाहिलं. मग एक बोट दाबलं. एकच र आला. बटणानं बोटाला खालून वर ढकललं.

'साक्षीदार' असं उमटलं. पुढे टिंब.

"चिकटत नाहीये," ताई हळू आवाजात म्हणाल्या. मग वरची ओळ गाठायला हात खांद्यापासून सरकवायचा हे त्यांचं त्यांनीच शोधलं, आणि त्या टाइप करायला लागल्या. चाल संथ होती. पण अक्षर चुकत नव्हतं. नवरा भिंतीला टेकून उभा होता आणि डोळे मिटून ऐकत होता. मेळाव्याला तो रविवारी गेला नाही. ताईंना मजकूर वाचून दाखवत बसला, आणि मी वकिलाचं काम केलं, म्हणजे मध्येमध्ये खेकसले.

सोमवारी मी ताईंबरोबर गेले. कीबोर्ड उशीच्या अभ्र्यात घालून काखेत. कचेरीतले मुख्य कारकून अभ्र्याकडे बघून म्हणाले, "बाहेरची वस्तू चालत नाही."

"तुमचा चष्मा तुम्ही बाहेरूनच आणला असेल," ताई म्हणाल्या. इतकी वर्षं मी उगीच त्यांना मितभाषी समजत होते.

कारकून वाचत गेले, ताई टाइप करत गेल्या. मी बाहेरच्या बाकावर बसून दारातून बघत होते. त्यांची पाठ ताठ होती आणि मानेवर घाम आला होता. झाल्यावर कारकुनांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. "वेग कमी झालाय, ताई."

"हो."

"चूक मात्र..." त्यांनी कागद उलटा करून पाहिला, जणू चुका मागे लपल्या असतील. "उद्यापासून या. लांबलचक साक्षी सुरुवातीला दुसऱ्याला देऊ."

ताई बाहेर आल्या आणि बाकावर माझ्याशेजारी बसल्या. डाव्या हातानं त्यांनी माझा हात धरला आणि पुष्कळ वेळ सोडला नाही. मी बोलले नाही. मला जमतं, वेळ आली तर.

त्यानंतर ताई आपल्या घरी राहायला गेल्या. सवत मखमलीखाली अर्धी रिकामी पडली होती. नवरा तिच्याबद्दल बोलायचा नाही आणि मीही चिडवायचे नाही. नव्या स्प्रिंगा मागवल्या होत्या, पण त्या ताईंना पुरेशा ताठ लागल्या नाहीत, म्हणून त्यांच्या कीबोर्डात सवतीच्याच राहिल्या. बोटांबद्दल ताईंना कुणी विचारायचं नाही. व्यायाम करायच्या, पण हाताकडे बघायचं त्यांनी सोडलं होतं. डॉक्टरांकडे जायचंही लांबवत होत्या. कशाला जायचं, तेच ऐकायला, असं एकदा म्हणाल्या होत्या.

ऋतू बदलून गेला. एका संध्याकाळी कोर्ट सुटल्यावर त्या तरातरा आल्या आणि अभ्र्यातला कीबोर्ड काढून माझ्या बेतलेल्या कापडावर आपटला आणि आत भावाला हाक मारली.

"हे घे तुझं. बटणं आहेत की धोंडे? दुपारनंतर बोटं भरून येतात माझी."

नवरा आतून हात पुसत आला. "इतके दिवस बोलली नाहीस?"

"इतके दिवस नव्हतं होत. हल्लीच व्हायला लागलंय. तूच काही फिरवाफिरवी केली असशील. मागे आले होते तेव्हा उघडून बसला होतास ना?"

"धूळ काढली फक्त. स्प्रिंगा त्याच आहेत, ताई."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे. तेव्हा लोंबत्या बोटांचा भारच बटणांवर असायचा, मग आता तो भार कोण उचलत होतं? मी टेबलावरची मोठी कात्री उचलली, साधी, बिनस्प्रिंगची, आणि ताईंच्या उजव्या हातात दिली. "ताई, तेवढे धागे कापा हो. बोलता बोलता."

रागाच्या भरात त्यांनी ती घेतली. "त्याच कशा असतील? तेव्हा मला बोटांखाली कळतसुद्धा नव्हत्या, आणि आता एकेक बटण दाबायला..." कट्. "साहेब आज विचारत होते, बरं नाही का म्हणून..." कट्. "आणि तुम्ही दोघं असे काय बघताय माझ्याकडे?"

कट्.

मग त्यांनी हाताकडे पाहिलं. कात्री उघडी होती. डावा हात पडद्यात गुंतलेला होता. त्यांनी कात्री हवेत मिटली. थांबल्या. बोटं जराशी थरथरली आणि पाती पुन्हा फाकली. सावकाश, पण बोटांनीच ती फाकवली.

नवरा खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला, मोठ्यानं, लाज न बाळगता. ताईंनी कात्री ठेवली आणि तोच हात त्याच्या डोक्यावर ठेवला. मग केसांवरून उचलला आणि पुन्हा ठेवला. पुन्हा उचलला.

"रडतोस काय वेड्या," त्या म्हणाल्या. त्यांचेही गाल ओले होते. "हलक्या घाल आता. आणि तुझ्या त्या परत घे."

लगेच बसला तो. नाक ओढत ओढत एकेक डबी उघडली. जड स्प्रिंगा सवतीकडे परत गेल्या. शेवटची डबी हातात घेतली तेव्हा ताईंनी त्याला अडवलं.

"र ची राहू दे," त्या म्हणाल्या. "तिथे मला खालून कोणीतरी ढकलतंय असं वाटलं पाहिजे."

म्हणून सवतीच्या र खाली हलकी स्प्रिंग गेली, आणि आजही तीच आहे. सगळं जोडून झाल्यावर नवऱ्यानं मला हाक मारली. "डोळे मिट आणि ऐक हां." मी मिटले. त्यानं सगळ्या बटणांवरून सरळ बोट फिरवलं. मध्येच एक आवाज वेगळा आला, जरासा पोकळ.

"कळला?" त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं. कळला होता.